‘अंतर्गत बाब’ कोणाची?

रविवारी पाटसला विहारात वंदना झाली, पंचशील घेतले आणि नेहमीप्रमाणे आम्ही चर्चेला बसलो. विषय ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा निघाला. कॉलेजात शिकणारा एक तरुण म्हणाला, “दादा, ते बौद्ध राष्ट्र आहे. तिथलं लष्कर काय करतं ही त्यांची अंतर्गत बाब. आपण कशाला बोलायचं? आपलंच घर जळतंय.” दोघातिघांनी माना डोलावल्या. आम्हाला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

‘अंतर्गत बाब’ हा शब्द आम्हाला नवा नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात बहिष्कार टाकलेल्या कुटुंबाला भेटायला आम्ही गेलो होतो. किराणा बंद, दळण बंद, मजुरी बंद. वेशीतच चार जण आडवे आले. “हा गावचा मामला आहे, बाहेरच्यांनी पडू नये.” जुलूम करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच हवे असते. बाहेरचा साक्षीदार नको.

२००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तिथे पोचले. तेव्हा भारत सरकारची भूमिका काय होती? जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या देशांतर्गत प्रश्न आहे. वेशीतल्या त्या चौघांचीच भाषा!

पण याच भारताने १९४६ मध्ये उलटी भूमिका घेतली होती. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या जमिनीवर आणि वस्तीवर बंधने घालणारा कायदा झाला, तेव्हा भारताने त्या देशाशी व्यापार तोडला आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. ही आमची अंतर्गत बाब आहे, असे दक्षिण आफ्रिका म्हणत राहिली. आमसभेने ते मानले नाही. म्हणजे परक्या देशातल्या अन्यायावर बोलणे भारताला जमते. प्रश्न सोयीचा आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९५१ साली त्यांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत परराष्ट्र धोरणही होते. एप्रिल १९५४ मध्ये भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला. एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ न करणे हे त्यातले एक तत्त्व. त्या तत्त्वांनाही नाव दिले गेले पंचशील! २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत बाबासाहेबांनी त्यावर कडाडून टीका केली. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांशी ते वेगळे वागले असते, हा त्यांचा मुद्दा होता. हा भाबडा नीतिवाद नव्हता. चीन आपल्या सीमेवर येऊन बसेल, ही चिंताही त्यांनी मांडली. राज्यकर्ता आपल्या प्रजेशी कसा वागतो यावरून त्याच्या शब्दाची किंमत करा, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. इथे नीती आणि डावपेच वेगळे राहत नाहीत. १९६२ मध्ये देशाने त्याची किंमत मोजली.

हीच कसोटी म्यानमारला लावू. १९८८ नंतर भारत तिथल्या लोकशाही आंदोलनाच्या बाजूने उभा होता. पुढे ईशान्येतले बंडखोर आणि चीनचा प्रभाव ही कारणे देत दिल्लीने लष्कराशी जुळवून घेतले. २०१० मध्ये लष्करशहा थान श्वे भारतात आला, तेव्हा तो बोधगयेलाही जाऊन आला. १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. २७ मार्चला राजधानीत लष्कराचे संचलन झाले, त्याला भारताचा प्रतिनिधी हजर होता. त्याच दिवशी देशभर शंभराहून अधिक माणसे मारली गेली. जूनमध्ये आमसभेत लष्कराचा निषेध करणारा ठराव आला, ११९ देश बाजूने होते. भारत तटस्थ राहिला.

आणि ‘बौद्ध राष्ट्र’ म्हणून गप्प बसायचे? २०१७ मध्ये याच लष्कराने सात लाखांहून अधिक रोहिंग्यांना बांगलादेशात हाकलले. चीवर पाहून पाप झाकायचे असेल, तर जानवे पाहून पाप झाकणाऱ्यांना आपण कोणत्या तोंडाने बोलणार? बाबासाहेब डिसेंबर १९५४ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते. ते नाते तिथल्या माणसांशी आहे, बंदुकीशी नाही.

वकिलात बंद करा, सगळा व्यापार तोडा, असे आमचे म्हणणे नाही. १,६४३ किलोमीटरची सीमा आहे, बोलणी करावीच लागतील. सरसकट निर्बंधांचा मार आधी गरिबाच्या ताटावर बसतो, हेही आम्ही जाणतो. पण बोलणी वेगळी आणि सलामी वेगळी. त्या गावातही आम्ही पाटलांशी बोललो, त्यांच्या सत्काराला गेलो नाही.

म्हणून आमच्या मागण्या तीनच. लष्कराला भारतातून एकही शस्त्र वा सुटा भाग जाऊ नये. आश्रयाला आलेल्यांना परत ढकलू नये. मार्च २०२१ मध्ये केंद्राने लोंढा रोखायला सांगितले, तरी मिझोरमच्या लोकांनी दारे उघडी ठेवली. आणि संयुक्त राष्ट्रांत भारताने तटस्थ राहू नये.

आपले घर जळतेय, हे खरेच आहे. पण उद्या आपण जगाला हाक मारू तेव्हा कोणी ‘तुमची अंतर्गत बाब’ म्हणू नये असे वाटत असेल, तर आज तो शब्द आपल्या तोंडी येता कामा नये. येत्या रविवारी या तीन मागण्यांचे पत्र बारामती मतदारसंघाच्या खासदारांना लिहायचे आहे. मसुदा त्या तरुणानेच करावा, अशी आमची इच्छा आहे.

जयभीम!