धामणकर नाक्याहून नाणेघाट : पाठीवरचे छप्पर

पहाटे साडेचार वाजता धामणकर नाक्यावर रात्रपाळी सुटलेला माणूस आणि पहिल्या पाळीला निघालेला माणूस चहाच्या एकाच टपरीवर भेटतात. डोक्यावर उड्डाणपूल, आजूबाजूच्या गल्ल्यांतून मागांचा खडखडाट, आणि कल्याणच्या रिक्षांची ओरड. गेल्या डिसेंबरात याच टपरीसमोर आम्ही सहा जण पाठीवर पिशव्या घेऊन उभे होतो. दोन बाया, तीन पुरुष आणि अकरावीत शिकणारी एक मुलगी. टपरीवाल्या मामांनी विचारले, "दादरला का? पण सहा तारीख तर होऊन गेली."

"नाही मामा, नाणेघाट. तिथून पुढे जुन्नरची लेणी."

"आणि रात्री राहणार कुठं?"

आमच्यातल्या जॉबरकाकांनी पिशवीला बांधलेली हिरवी गुंडाळी थोपटली. मामांना ती सतरंजी वाटली. तो तंबू होता, आणि त्या तंबूपर्यंत पोहोचायला आम्हाला दोन वर्षे आणि दोन फजित्या लागल्या होत्या. त्या सांगितल्या तर आपल्या वस्तीतल्या दुसऱ्या कोणा मंडळाचे पैसे वाचतील, म्हणून हे लिहितो आहोत.

पहिली फजिती तंबूच नव्हता म्हणून झाली. कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखरे गाव गाठायचे, महामार्गावरून जंगलाची वाट धरायची आणि दोन-अडीच तास चढून नाणेघाटाच्या माथ्यावर यायचे, एवढे सोपे हे काम. दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला जात होता. माथ्याजवळ दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणतात. वाटेवर कातळात खोदलेली गुहा आहे. गुहेजवळ पाण्याची टाकी आहेत. मग राहायला आणखी काय हवे? आम्ही गुहेत अंथरूण टाकले आणि कोपऱ्यात स्टोव्ह पेटवला. आमच्या आधी कोणीतरी लाकडेही जाळली होती, भिंत काळी होती.

आमच्यातली मुलगी तेव्हा नववीत होती. विहारातल्या रविवारच्या वर्गात ती ब्राह्मी अक्षरे गिरवायला शिकली होती. तिने भिंतीवर टॉर्च मारला आणि एक एक अक्षर लावू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "काकी, आपण लेखाच्या अंगावर धूर सोडतोय."

स्टोव्ह विझला. त्या रात्री आम्ही कोरडे पोहे खाल्ले.

ही गुहा म्हणजे सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख असलेली गुहा. लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या तो नजरेस पडला, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्याचा अभ्यास केला. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या आता नाहीत, त्यांच्या वर कोरलेली नावे तेवढी आहेत. लेखात आकडेही आहेत. आपल्या देशातले अगदी जुने आकडे पाहायचे तर ते इथे पाहावेत. खरे सांगायचे तर लेख बुद्धाचा नाही, त्यात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दानाची यादी आहे. पण म्हणून त्याच्यावर काजळी धरावी असे थोडेच आहे? आणि वाट तर सगळ्यांची होती. वर जुन्नरला लेण्याद्रीचे चैत्यगृह ज्याने दिले तो सुलसदत्त, हेरणिकाचा मुलगा, कल्याणचा राहणारा होता. तसे तिथे कोरून ठेवले आहे. म्हणजे आपल्या रिक्षाच्या शेवटच्या थांब्यावरचा माणूस.

त्या रात्रीपासून ठरले, की लेण्यात झोपायचे नाही आणि लेण्यात शिजवायचे नाही. मग झोपायचे कुठे?

दुसरी फजिती तंबू घेतला तेव्हा झाली. वर्गणी काढली आणि जो सर्वांत स्वस्त दिसला तो "चार माणसांचा" तंबू आणला. दुकानाचे नाव सांगत नाही, कारण चूक आमचीही होती. फेब्रुवारीत तो घाटमाथ्यावर लावला. नाणेघाटाचा वारा कोकणातून सरळ वर चढतो. पावसाळ्यात तिथले धबधब्याचे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते, एवढा त्याचा जोर. फेब्रुवारीत तेवढा नसतो, तरी रात्री दोन वाजता तंबूची एक काडी उभी चिरली. फायबरची काडी होती. तिची कुसळे जॉबरकाकांच्या तळव्यात घुसली, ती आठवडाभर निघत होती. त्यातच पहाटे सगळ्यांची पांघरुणे ओली. आभाळ तर स्वच्छ होते! आम्ही दुकानदाराला शिव्या दिल्या, की कापड गळते.

कापड गळत नव्हते. ते पाणी आमचेच होते. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफ होऊन निघते. बाहेर थंडी, आत चार माणसे आणि मध्ये एकच पातळ कापड, त्याला ना झरोका ना जाळी. वाफ कापडाला लागून थिजली आणि खाली टपकली. हे आम्हाला भिवंडीला परत आल्यावर समजले.

तेव्हा काकी म्हणाल्या ते आम्हाला लागले. त्या पंचवीस वर्षे कांड्या भरतात. म्हणाल्या, "जन्मभर कापडात काढला, आणि कापड घेताना लेबल वाचलं नाही?"

तंबू म्हणजे शेवटी कापड आहे, आणि कापड भिवंडीच्या माणसाला कोणी शिकवायला नको. मग आम्ही लेबल वाचायला लागलो. लेबलावर ६८ डेनियर, १९० टी असे काहीतरी लिहिलेले असते. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका आकडा. आकडा लहान तितका धागा बारीक आणि कापड हलके. १९० टी म्हणजे एका चौरस इंचात ताणा आणि बाणा मिळून १९० धागे. आपण रीड आणि पीक म्हणतो, त्याचीच ही बेरीज. कापडात बारीक चौकटी दिसत असतील तर ठरावीक अंतरावर जाड धागा सोडला आहे असे समजावे. एका ठिकाणी फाटले तर चीर त्या चौकटीशी अडते.

नायलॉन की पॉलिस्टर, यावर आमच्यात दोन रविवार वाद झाला. त्याच वजनात नायलॉन जास्त मजबूत, हे खरे. पण ते ओल धरते, आणि ओल धरली की सैल पडते. मध्यरात्री उठून दोऱ्या ताणाव्या लागतात. पॉलिस्टर तसे लोंबत नाही आणि उन्हातही जास्त टिकते. आपल्याकडचे ऊन पाहता आम्ही पॉलिस्टर घेतले, थोडे वजन जास्त सोसले. कापडावर पाणी अडवणारा लेप असतो, त्याची ताकद मिलिमीटरमध्ये लिहितात. कापडावर नळी उभी करून तिच्यात पाणी भरत गेले तर किती उंचीवर थेंब पाझरतो, तो हा आकडा. आमच्या कामाला छतासाठी दीड-दोन हजार आणि बुडासाठी तीन हजार पुष्कळ. मात्र पाणी बहुधा कापडातून येत नाही, शिवणीतून येते. शिवणीवर आतून पट्टी चिकटवली आहे का, हे बोट फिरवून बघावे. पट्टी नसेल तर तंबू तिथेच ठेवावा.

काड्या ॲल्युमिनियमच्या घेतल्या. फायबरपेक्षा महाग, पण हलक्या, आणि ताण पडला तर बहुतेक वेळा आधी वाकतात. वाकलेली काडी हाताने सरळ करून रात्र काढता येते, फुटलेल्या काडीने कापडही फाटते. आणखी एक गोष्ट घाटावर शिकलो. नाणेघाटाचा माथा म्हणजे कातळ, तिथे खुंटी शिरत नाही. म्हणून काड्यांवर आपोआप उभा राहणारा घुमटीसारखा तंबूच घ्यावा. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात. खुंट्यांशिवाय उभाच राहत नाही असा तंबू वजनाला फार हलका मिळतो, पण तो मातीच्या मुलखात.

"चार माणसांचा" हा शब्द कंपनीचा. चार माणसे, कुशीला कूस, पिशव्या बाहेर. खरे तर त्यात तिघे नीट झोपतात. आम्ही असे दोन घेतले, दुहेरी भिंतींचे, म्हणजे आत जाळीचा आणि वरून पाण्याचा. एकात दोन्ही बाया आणि मुलगी, दुसऱ्यात पुरुष. एक तंबू ३ किलो ४०० ग्रॅमचा. हे ऐकून काकी घाबरल्या होत्या. पण एकाने वरचे कापड घ्यायचे, दुसऱ्याने आतली जाळी, तिसऱ्याने काड्या-खुंट्या. माणशी सव्वा किलोच्या आत. दोघांसाठी दीड-दोन किलोचे तंबूही मिळतात, त्यांची किंमत आमच्या दोन महिन्यांच्या किराण्याएवढी होती. परदेशात लोक असले तंबू शिकारीच्या वाटेवर नेतात. आपल्याकडे वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि आम्हाला मारायचे होते ते फक्त डास.

जाण्याआधी तंबू पारखला तो इमारतीच्या गच्चीवर. ही पायरी कोणी गाळू नये. रविवारी दुपारी दोन्ही तंबू लावले, पोरांना आत बसवले आणि वरून बादल्या ओतल्या. खालच्या मजल्यावरून आजीबाई वर आल्या, "लग्न कुणाचं?" म्हणून. पोरांच्या हातात वर्तमानपत्राचे कागद दिले होते, जिथे डाग पडेल तिथे ओरडायचे. तिसऱ्या बादलीला एक पोरगी ओरडली. दाराच्या साखळीच्या वरच्या टोकाशी थेंब होता. त्याच संध्याकाळी शिवणीवर लावायचा लेप आणला. हाच थेंब घाटावर सापडला असता तर?

गच्चीवर उभे राहिले की पटेल कंपाउंडच्या बाजूला नजर जातेच. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे तिथली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. या नाक्यावरच्या माणसाला डोक्यावरच्या छपराबद्दल विचारायला शिकवावे लागत नाही. तरी तंबू घेताना आम्ही विचारले नव्हते, याचे आम्हालाच नवल वाटले.

डिसेंबरची ती रात्र छान गेली. तंबू गुहेपासून लांब, घाटघरच्या बाजूला, शेतमालकाला विचारून लावले. संरक्षित स्मारकात मुक्काम करता येत नाही, आणि विचारले की माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. आम्हाला तर भाकरी मिळाली. खाली जुन्या बॅनरचा कापलेला तुकडा अंथरला, तंबूच्या बुडापेक्षा चार बोटे लहान. तो बाहेर डोकावला तर पाणी गोळा करून आत आणतो. वरच्या झरोक्याची झडप थंडी असूनही उघडी ठेवली. बाहेरचे कापड पहाटे ओले होते, आतले पांघरूण कोरडे. स्टोव्ह तंबूत नेला नाही. थंडी कितीही असो, बंद तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवू नये. त्याच्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

रात्री शेकोटीशिवाय बसून मुलीने आम्हाला नाशिकच्या लेण्यांतला एक लेख सांगितला. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण कायमची ठेव ठेवली, महिना शेकडा एक व्याजाने. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना त्या व्याजातून प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. जॉबरकाकांनी बोटांवर हिशेब केला : वर्षाचे व्याज २४०, वीस बारे २४०. बरोबर जमला. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हणजे तेव्हा लोक विणकराकडे पैसे ठेवायचे. आता शेठ आपली उचल वहीत लिहितो."

दुसऱ्या दिवशी घाटघरहून एसटीने जुन्नर. तुळजा लेण्यातले गोल चैत्यगृह पाहिले, बारा खांबांचे. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर काकींचे गुडघे बोलू लागले, पण सुलसदत्ताचे नाव पाहिल्याशिवाय उतरायचे नाही म्हणाल्या. त्या दिवसाचे वर्णन पुन्हा कधीतरी.

तंबू आल्या-आल्या दोन दिवस गच्चीच्या दोरीवर सावलीत वाळवले. ओला गुंडाळला की लेप चिकट होतो, सुटतो, आणि पुढच्या पावसात तंबूची चाळण होते. आता ते विहाराच्या कपाटात सैल पिशवीत आहेत. शेजारी वही टांगली आहे : कोणी नेला, कधी आणला, काय फाटले. पहिले पान भरत आले आहे. पोरांनी एकदा वऱ्हाळा तलावाच्या काठीही नेऊन लावला, त्याची नोंद नाही, पण बुडाला चिखल होता. जानेवारीत नाशिकला जायचे ठरते आहे. काकींनी आत्ताच त्यांच्या वाट्याला काड्या मागून ठेवल्या आहेत.