हाताला कळत नाही

हेब्बाळ फ्लायओव्हरच्या गर्दीत ब्रेकवरचा पाय उचलायची सोय नाही. म्हणून आमच्या जिप्सींच्या पुढच्या कॅलिपरचे बोल्ट अंदाजाने आवळलेले मला चालत नाहीत.

“साहेब, हाताला कळतं की,” नवा क्राफ्ट्समन म्हणाला.

नाही कळत. मीटरभर दांड्याच्या टोकाला 10 किलोचा जोर म्हणजे साधारण 98 न्यूटन-मीटर. त्यातला जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणतो, बाकीचा घर्षण खातं. कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेलकट आट्यांना लावला, तर बोल्ट जास्त ताणला जातो. मागे बसलेले जवान मात्र बिनघोर डुलक्या घेत असतात.

आमच्या सातारकर हवालदारांनी त्याच्या हातात टॉर्क रेंच दिला आणि ते पाट्यांकडे वळले. तिथल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवरून उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे. अधांतरी आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.