दर तीन वर्षांनी रिकामा होणारा ग्रुप

वसईत कॅथलिक असण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. चर्च घराजवळ, मिस्सा मराठीत, आणि रविवारी दिसला नाहीत तर सोमवारी कुणीतरी आईला विचारणारच. ही सगळी व्यवस्था दुसरी माणसं आपल्यासाठी चालवत होती, हे मला पुण्यात शिकायला आल्यावर कळलं.

पुण्यात चर्च कमी नाहीत. पण जुनी चर्च बहुतेक कॅम्प आणि क्वार्टर गेटच्या बाजूला, आणि आमच्यातले बरेच जण कोथरूड-कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहणारे. मी दोन वर्षं कॅथलिक विद्यार्थ्यांचा एक ग्रुप सांभाळला. व्हॉट्सॲपवर एकशेतीस जण, बुधवारी संध्याकाळी प्रत्यक्षात सात. कुणाचं प्रॅक्टिकल, कुणाची इंटर्नशिप, कुणाच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होणार. रविवार म्हणावा, तर स्पर्धा परीक्षा नेमक्या रविवारीच.

पण खरी अडचण हजेरीची नव्हतीच. गावच्या चर्चमध्ये चाळीस वर्षांपूर्वीचा गोठा कसा सजवला होता, हे सांगणारी एखादी आजी असते. विद्यार्थ्यांच्या ग्रुपची आठवण फार तर तीन वर्षांची. पहिलं वर्ष शहर समजण्यात जातं, दुसऱ्यात माणूस कामाला लागतो, तिसऱ्यात नोकरीची चिंता सुरू होते. मधेच फादरांची बदली होते. मग नवे फादर, नवी मुलं, आणि हॉलची चावी कुणाकडे असते इथपासून सुरुवात.

हा प्रश्न आजचा नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथलिक विद्यार्थ्यांनी १८९३ मध्ये न्यूमन क्लब काढला, तो आपल्या धर्माच्या नसलेल्या विद्यापीठात एकमेकांना धरून राहण्यासाठीच. आपल्याकडे १९२४ मध्ये दक्षिणेत सुरू झालेलं काम पुढे ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन, म्हणजे ‘आयकफ’, म्हणून वाढलं. १९७० च्या सुमारास या संघटनेने प्रार्थनेसोबत सामाजिक अन्यायाचा विषयही हातात घेतला. त्या वळणाचा अर्थ मला आमच्याच हॉलमध्ये कळला.

आमच्यात वसईचे, गोव्याचे, केरळचे, झारखंडचे, मेघालयचे असे सगळे होते. म्हणून बोलणं इंग्रजीत. त्यात गोव्या-मुंबईची मुलं मोकळी व्हायची, आणि नगर जिल्ह्यातून आलेली एक मुलगी हात जोडून गप्प बसायची. तिच्या घरी तीन पिढ्या कॅथलिक. एकदा बाहेर पडताना ती मला मराठीत म्हणाली, “दादा, इथं प्रार्थना पण इंटरव्ह्यूसारखी वाटते.”

पुढच्या बुधवारी आम्ही मराठी आणि हिंदीतही बोलायचं ठरवलं. तिने बायबल काढलं नाही, शिष्यवृत्तीचा फॉर्म काढला. तिचे पूर्वज दलित. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या अनुसूचित जातींच्या दर्जात १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध सामावले गेले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. आमच्यातल्या निम्म्यांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. एकाच वेदीसमोर गुडघे टेकणारे आम्ही, पण कागदावरचे आमचे प्रश्न किती वेगळे होते! त्या रात्री साडेनऊपर्यंत बोलणं चाललं.

सगळ्यांना ते आवडलं नाही. “हे राजकारण झालं, आपण रोझरी म्हणूया,” असं म्हणून दोघं यायचे थांबले. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही; घरापासून लांब राहणाऱ्याला ओळखीची प्रार्थना हवी असते. म्हणून रोझरी राहिली, सुरुवातीला. पण त्यानंतरच्या बुधवारी एकोणीस जण आले, आणि ते गाण्यासाठी आले नव्हते.

मला वाटतं, असे ग्रुप गावच्या चर्चची छोटी नक्कल करायला जातात आणि दमतात. तेवढी माणसं नसतात, तेवढी वर्षंही नसतात. जे गावच्या चर्चमध्ये कधी एका बाकावर बसले नसते, ते इथे शेजारी बसतात. ग्रुप टिकवायचा तो त्यासाठी.

शेवटच्या वर्षी आम्ही एक वही केली. फॉर्म कुठे मिळतो, आजारी पडलं तर कुणाला फोन करायचा, मराठी मिस्सा कुठे आणि किती वाजता, चावी कुणाकडे. ती वही आता त्या नगरच्या मुलीकडे आहे. तिचंही शेवटचं वर्ष सुरू झालंय, आणि वही पुढे कुणाला द्यायची हे ती आत्तापासूनच शोधतेय.