नवी धाकटी कीं जुनी थोरली?

घेणें सोपें, पोसणें कठीण, ही गोष्ट आमच्या शेतकरी बांधवांना शिकवावी लागत नाहीं. बैल घेणारा मनुष्य बाजारांत जनावराचे दांत पाहतो, चाल पाहतो. पण त्याआधीं घरीं वैरण किती आहे हें मनांत मोजून मगच बाजाराची वाट धरतो. यंत्राच्या बाबतींत मात्र चांगलीं शहाणीं माणसेंहि हें मोजमाप विसरतात असें आमच्या पाहण्यांत आहे. याच विषयावर गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबांत जो खल झाला तो येथें सांगावयाचा आहे. विषय मोटारीचा असल्यामुळें निदान विद्यार्थिवर्ग तरी हा लेख शेवटपर्यंत वाचील अशी आम्हांस आशा वाटते.

आमच्या वडील भगिनींचा मुलगा जर्मनींतील स्टुटगार्ट शहरीं एका कारखान्यांत इंजिनियर आहे. त्याचे वडील एस्. टी. च्या आगारांत मेकॅनिक होते. ते आज हयात नाहींत. पण त्यांच्या हत्यारांच्या पेटीच्या झांकणाला आंतून चिकटविलेलें एक चित्र अद्याप तसेंच आहे. तें चित्र पोर्शे कंपनीच्या ‘९११’ या गाडीचें. ही गाडी त्यांनीं जन्मांत कधीं प्रत्यक्ष पाहिली नव्हती. तरी चित्रावर बोट ठेवून, तिचें इंजिन मागें कां, त्याचे सहा सिलिंडर आडवे कां, हें ते मुलाला हौसेनें समजावून देत. अशा बापाचा मुलगा नेमका त्याच गाडीच्या गांवीं नोकरीस लागला, आणि कांहीं वर्षांनीं त्याच्या गांठीस थोडा पैसा जमला, तेव्हां त्याच्या मनांत काय आलें असेल हें निराळें सांगावयास नको.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत त्यानें आपल्या आईस व आम्हांस तिकडे बोलाविलें होतें. एके रात्रीं जेवण आटोपल्यावर त्यानें दोन कागद आमच्यापुढें ठेवले. “मामा, तुम्हीच सांगा,” तो म्हणाला, “यांतली कोणती घेऊं?” एका कागदावर माझ्दा कंपनीची एमएक्स-५ ही कोरी करकरीत गाडी होती; दोनच माणसांची, उघड्या छपराची, खेळकर मोटारींमध्यें अगदीं धाकटी. दुसर्‍यावर होती चित्रांतील थोरली, २००३ सालची, म्हणजे वीस वर्षें उलटून गेलेली. दोहोंची किंमत जवळजवळ सारखी. कोणतीहि घेतली तरी शिल्लक संपणार होती, आणि धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठीं तो दरमहा जी रक्कम धाडीत असे ती पुढें केवळ पगारांतून निघावयाची होती.

प्रथम थोरलीची बाजू पाहूं. ही गाडी १९६३ सालीं फ्रँकफर्टच्या प्रदर्शनांत ‘९०१’ या नांवानें जगापुढें आली. मध्यें शून्य असलेल्या तीन आंकडी नांवांवर फ्रान्समध्यें प्यूजो कंपनीचा हक्क असल्यामुळें शून्याच्या जागीं एक घालावा लागला, आणि तेंच नांव अजरामर झालें. भाच्यानें पाहिलेल्या गाडीचें इंजिन ३.६ लिटरांचें, ३२० अश्वशक्तीचें. वेग ताशीं २८५ किलोमीटरपर्यंत. मागें लहान कां होईना, दोन जास्त बैठका. शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्या कांहीं वर्षांतच झपाट्यानें उतरते. ही उतरण थोरलीच्या पहिल्या मालकानें केव्हांच सोसलेली होती. तो मालक म्हणजे एक वृद्ध, नीटनेटके गृहस्थ. त्यांनीं प्रत्येक दुरुस्तीची पावती जपून ठेविली होती. तेव्हां ‘नांव सोनुबाई, हातीं कथलाचा वाळा’ असा कांहीं हा प्रकार नव्हता. माल खरोखर चोख होता.

धाकटीचाहि इतिहास ऐकण्यासारखा आहे. १९७९ सालीं बॉब हॉल नांवाच्या एका अमेरिकन पत्रकारानें जपानांतील माझ्दा कंपनीचे केनिची यामामोतो यांना सुचविलें कीं, जुन्या इंग्रजी गाड्यांसारखी साधी, हलकी, उघड्या छपराची गाडी आतां कोणी करीत नाहीं. ती तुम्ही करा. तें बीज दहा वर्षांनीं, १९८९ सालीं, शिकागोच्या प्रदर्शनांत फळास आलें. आणि २०१६ पर्यंत अशा दहा लक्ष गाड्या कारखान्यांतून बाहेर पडल्या. घोडा व स्वार एकजीव व्हावेत, या अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग तिच्या कर्त्यांनीं डोळ्यांपुढें ठेविला होता. भाच्यानें निवडलेल्या गाडीचें इंजिन अवघें दीड लिटरांचें, १३२ अश्वशक्तीचें. परंतु तिचें वजन सुमारें हजार किलो, तर थोरलीचें साडेतेराशें किलोंच्या आसपास.

आतां खरा हिशेब. जुन्या वस्तूची किंमत वयाबरोबर उतरते. तिच्या मागण्या मात्र उतरत नाहींत. थोरली निम्म्याहून कमी किंमतीस मिळाली म्हणून तिचे सुटे भाग कोणी निम्म्या किंमतीस देत नाहीं. तिच्या इंजिनास एका वेळीं आठ लिटरांहून अधिक ऑइल लागतें. धाकटीस चार लिटरांच्या आसपास पुरतें. थोरलीचे मागचे टायर पुढच्यांहून बरेच रुंद, म्हणून ते पुढेंमागें बदलून सारखे झिजवितां येत नाहींत. धाकटीचे चारी टायर एकाच मापाचे. त्या पिढीच्या इंजिनांत एका मधल्या दांड्याचें बेअरिंग आहे. सर्वच गाड्यांत नव्हे, पण कांहींमध्यें तें निकामी होऊन सबंध इंजिन बाद होतें, ही गोष्ट या गाड्यांच्या जाणकारांत जगजाहीर आहे. म्हणून शहाणा गिर्‍हाईक तें आधीं तपासून घेतो किंवा बदलतो. जर्मनींत कोर्‍या गाडीची सरकारमान्य तपासणी पहिल्यानें तीन वर्षांनीं होते. त्यानंतर प्रत्येक गाडीची दर दोन वर्षांनीं. धाकटीस तोंवर कारखान्याची हमीहि होती. थोरलीस हमी एवढीच कीं, मालकाच्या खिशांत पैसा आहे.

भाच्यानें हें सर्व मांडून पाहिलें. पण त्याचें मन चित्रापासून हलेना. दुसरे दिवशीं त्यानें आम्हांस झुफेनहाउझेन या उपनगरांतील पोर्शेचें वस्तुसंग्रहालय दाखविलें. तेथें त्या घराण्याचा इतिहास पाहतांना एक गोष्ट आमच्या ध्यानांत भरली. पोर्शे हें नांव धारण करणारी पहिली गाडी १९४८ सालीं ऑस्ट्रियांतील ग्म्युंड या लहानशा गांवीं तयार झाली. तिचें इंजिन फोक्सवॅगनचें, अवघें ३५ अश्वशक्तीचें. गाडीचें वजन ५८५ किलो. वेग ताशीं १३५ किलोमीटर. म्हणजे ज्या घराण्याच्या थोरवीनें आम्ही दिपून गेलों होतों त्याचा मूळपुरुष धाकटीहूनहि धाकटा होता! हलकें अंग आणि बेताची शक्ति यांच्या मेळांतूनच ती कीर्ति उभी राहिली. हें आम्ही भाच्यास म्हणालों, तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

पुढच्या आठवड्यांत त्यानें दोन्ही गाड्या काळ्या अरण्याच्या डोंगरवाटांवर चालवून पाहिल्या. शेजारच्या बैठकीवर आम्ही होतों. तेथील खेड्यापाड्यांच्या रस्त्यांस ताशीं १०० किलोमीटरची मर्यादा असते. या वेगानें थोरली चालली होती खरी, पण बलवान् मल्लाला कोणी पाण्याची घागर उचलावयास सांगावें तशी; तिची पाऊण शक्ति झोंपलेलीच होती. धाकटी मात्र त्याच वळणांवर सर्वांगानें राबत होती. गियर बदलावा, इंजिनानें हुंकार द्यावा, चाकांनीं वळण धरावें, आणि हें सर्व कायद्याच्या मर्यादेंत. जर्मनींतील महामार्गांच्या कांहीं भागांत वेगाला मर्यादा नसते हें खरें. पण तेथेंहि शिफारस ताशीं १३० चीच आहे, आणि रोज कामावर जाणार्‍याला २८५ ची संधि कितीदां मिळणार?

त्या रात्रीं आक्कांनीं आपलें मत दिलें. त्यांना मोटारींतलें कांहीं कळत नाहीं असें त्या स्वतःच म्हणतात. त्या मुलाला म्हणाल्या, “बाळ, तुझ्या बाबांनीं पेटीला चित्र लावलें हें खरें. पण त्या पेटीवर तुला शिकवलें काय? आवाज ऐकून गाडी सांभाळायला. जी सांभाळतां येईल ती तुझी. चित्राचं काय, तें कधीं ऑइल मागत नाहीं.” त्यावर भाचा हंसला, आणि हंसतां हंसतां त्याचे डोळे भरून आले. महिन्याभरानें त्यानें धाकटी घेतली. बहिणीच्या फीचा एकहि हप्ता चुकला नाहीं. तिचें शेवटचें वर्ष यंदा पुरें झालें. त्या वृद्ध गृहस्थांची गाडी कोणा घड्याळदुरुस्ती करणार्‍या कारागिरानें नेली असें मागाहून कळलें. त्याच्या घरीं दुसरी एक साधी गाडी आहे, स्वतःचें गॅरेज आहे, आणि हातांत कसब आहे. थोरली योग्य घरीं पडली असेंच आम्ही म्हणतों.

कारण आमचें म्हणणें असें नव्हे कीं, जुनें थोर तें नेहमीं टाकावें आणि नवें लहान तें नेहमीं घ्यावें. ज्याच्याजवळ हुन्नर आहे, वेळ आहे, अडीअडचणीस गंगाजळी आहे, आणि ती गाडी चार महिने बंद राहिली तरी ज्याचें कांहीं अडत नाहीं, त्याला जुनी थोरलीच अधिक सुख देईल. हवेनें थंड होणार्‍या इंजिनांच्या, म्हणजे १९९८ पर्यंतच्या, ९११ गाड्या ज्यांनीं जपल्या त्यांच्या मालाचा भाव उलट चढलेलाहि आपण पाहतों. प्रश्न गाडीच्या योग्यतेचा नसून घेणार्‍याच्या बळाचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकीं बहुतेकांपुढें आज मोटारीचा प्रश्न नाहीं. पण जुना नामांकित फोन कीं नवा साधा, मोठ्या भावाची वजनदार सायकल कीं बेताची नवी, असे प्रश्न रोज येतात. आणि पालकांपुढें तर याहून मोठे. अशा वेळीं दोन रकमा निरनिराळ्या लिहाव्या: एक, वस्तु घरीं आणण्याची, दुसरी, ती पांच वर्षें चालती ठेवण्याची. मग तिसरा प्रश्न स्वतःस विचारावा, कीं हिच्यांतील किती शक्ति माझ्या खरोखर उपयोगास येणार आहे? या तीन उत्तरांनीं जी वस्तु पुढें येईल ती लहान असो वा मोठी, नवी असो वा जुनी, ती निःशंक मनानें घ्यावी. आणि एकदां घेतल्यावर शेजार्‍याच्या अंगणांत डोकावूं नये.