उचल आणि हप्ता

क्लाउड गेमिंगला मी घरात दोनदा नाही म्हटलं. लेक फोनवर भाव दाखवत होती आणि मी आकडे न बघताच म्हणालो, "महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे अन् हातात काहीच राहायचं नाही, असलं आपल्या घरात नको." तो नकार आज मागं घेतो.

तो आला कुठून, हे मला ठाऊक आहे. माझे वडील धारूर तालुक्यातून ऊसतोडीला जायचे. मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर कारखान्याची वाट धरायची. गाळप संपून पट्टा पडला तरी अंगावर बाकी राहायचीच, आणि ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच टोळी. बीडला नोकरी लागल्यापासून मी एकही वस्तू हप्त्यानं घेतली नाही.

म्हणून गेमिंगचा कॉम्प्युटरच घेऊ म्हटलं. कोटेशन आलं 72 हजारांचं. तेव्हा कुठं मी वही उघडली.

एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग नोव्हेंबर 2025 मध्ये भारतात आलं. सगळ्यात स्वस्त प्लॅन महिन्याला 499 रुपयांचा. पाच वर्षं सलग भरले तरी 29,940. तेव्हा त्यावर 699चा, मग 1,389चा होता. हा शेवटचा ऑक्टोबर 2025 पर्यंत 829लाच मिळत होता. भाव कंपनीच्या हातात, ही माझी भीती काही खोटी नव्हती. जिओनं तर क्लाउड गेमिंगचा 48 रुपयांत 3 दिवसांचा रिचार्जही काढला होता.

पण या आकड्यांत नेटचा खर्च नाही. गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडं येतं ते नुसतं चित्र. सेकंदाला 10 मेगाबिट धरले तर तासाला साडेचार जीबी. बीडच्या घरी फायबर आहे, तिथं निभतं. गावाकडं लेकीच्या आजीच्या घरी मोबाइलचा रोजचा 2 जीबी डेटा अर्ध्या तासाच्या आत संपतो. तिथं राहणाऱ्या माझ्या भावाच्या पोरांना हे 499 रुपयांत पडत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

माझी चूक एवढीच, की उचल आणि हप्ता मी एकच समजलो. उचल माणसाला बांधून ठेवते. हे भाडं आज भरलं, पुढच्या महिन्यात नाही भरलं, तरी दारात कुणी येत नाही. लेकीला सुट्टीतच खेळायचं आहे. वर्षाचे दोन महिने, 998 रुपये.

पहिले 499 परवा भरले. भरल्या भरल्या यूपीआयचा ऑटोपे बंद करायला लेकीलाच सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मी आधीच केला होता."