कतरणीचं पोतं

मे-जून आला की माझ्या कारखान्यात मुली येऊ लागतात. कुणाबरोबर आई असते, कुणाचे बाबा स्कूटर लावून दारातच उभे राहतात. प्रश्न एकच: फॅशनचं शिकायचंय, कुठं घालू? जबलपुरात हा प्रश्न साहजिक आहे. इथले सलवार-सूट दूरदूरच्या बाजारांत विकले जातात, गोहलपूरच्या लेमा गार्डनमध्ये रेडिमेड कपड्यांच्या कारखान्यांचं आख्खं संकुल उभं आहे, आणि बऱ्याच घरांत कुणी ना कुणी शिलाईवर, काज-बटणावर किंवा इस्त्रीवर असतंच.

यंदा धाकट्या बहिणीची मुलगी आली. कटिंगच्या टेबलावर तिनं माहितीपत्रकं पसरली. जवळजवळ प्रत्येकावर तेच चित्र: दिव्यांचा झोत, त्यातून चालत येणारी मुलगी. "मावशी, तूच सांग."

मी तिला म्हटलं, बघायला जाशील तिथं इमारत, लॅब, भिंतीवरचे फोटो सगळं बघ. पण निघण्याआधी शिपाईदादांना विचार, कतरण कुठं टाकता? ते पोतं उघडून बघ.

पोत्यात कोऱ्या मांजरपाटाचे तुकडे निघाले, मुंढ्याच्या गोलाईचे, गळ्याचे, पुन्हा पुन्हा कापलेले, तर तिथं मुलं शिकताहेत. नुसतं सॅटिन आणि जाळी निघाली, तर वर्षाअखेरच्या शोसाठी काम चालतं आणि तेही बहुधा बाहेरच्या टेलरकडून अर्धं होऊन येतं. पोतंच नसेल तर उठून यायचं.

हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी मीही एका शहरात एका संस्थेची वर्षभराची पदविका घेतली. आईनं गोठ मोडून फी भरली होती. तिथं आम्ही चित्रं काढली. लांब मानेच्या, लांब पायांच्या बायका, त्यांच्या अंगावर वाऱ्यावर उडणारे घेर. वर्षभरात एकदाही कुणी सांगितलं नाही, की पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल का कापायचा. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा जरासा मोठा ठेवून ती जास्तीची लांबी चुणी न पाडता कशी जिरवायची. उरेब कापड टांगून ठेवलं की रात्रीत कसं उतरतं. परत आले आणि पहिल्या कारखान्यात पहिल्याच आठवड्यात माझ्या फर्म्यावर पन्नास थर एकदम कापले गेले. मी माया धरायलाच विसरले होते. पन्नास सूट दंडाला अडकले. मालकांनी पगार कापला नाही, पण बोललेही नाहीत, आणि ते न बोलणं मला आजही ऐकू येतं. पुढं जे शिकले ते एका म्हाताऱ्या मास्टरजींकडून. ते मला नवं काही शिवू द्यायचे नाहीत. जुना, चांगला बसणारा कुर्ता आणून द्यायचे आणि म्हणायचे, उसवा. चार महिने मी उसवत होते. शिवण उलगडली की कापणाऱ्यानं काय विचार केला होता तो टेबलावर सपाट पसरलेला दिसतो.

भाचीला दुसरी गोष्ट विचारली: तुला कापडाच्या आधी काम करायचंय की कापडानंतर? ती गोंधळली. फॅशन आणि टेक्सटाइल हे शब्द एका दमात म्हणतात म्हणून मुलींना ते एकच वाटतात. टेक्सटाइलवाल्याचं काम धागा, ताणा-बाणा, रंग, छपाई. तो ज्या ठिकाणी थांबतो तिथं आमची कात्री सुरू होते. स्वभावही वेगळे लागतात. ताण्याचे शेकडो धागे एकेक करून मागाच्या वहीत ओवायला जी शांती लागते, ती माझ्यात कधीच नव्हती. निफ्टमध्ये हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, आणि कारखान्याच्या, यंत्रांच्या बाजूनं जायचं तर बी.एफ.टेक. हा तिसरा, त्याला बारावीचं गणित लागतं. दिल्लीत १९८६ साली सुरू झालेली ही संस्था २००८ मध्ये भोपाळला आली, तेव्हा आमच्याकडच्या मुलींना ती पहिल्यांदा आवाक्यातली वाटली. सकाळची जनशताब्दी धरली की दुपारच्या आत तिथं. २०१९ पासून भोपाळलाच एनआयडीही आहे. तिथल्या प्रवेशाबद्दल मला एक आवडतं: डिझाइनच्या अभ्यासक्रमांसाठी लेखी परीक्षेनंतर समोर साहित्य ठेवतात आणि हातानं काहीतरी करून दाखवायला सांगतात. सहा महिने क्लासला जाऊन चित्रं घोटणाऱ्या मुलीला कधी पुठ्ठाही धड कापता येत नाही, हे तिथं लपत नाही.

आणि फी परवडणार नसेल तर? हे विचारताना आयांचा आवाज खाली जातो. त्यांना मी शहरातलंच होम सायन्स कॉलेज दाखवते, सरकारी पॉलिटेक्निक दाखवते. नाव मोठं नसेल, पण पोतं बघा. पोत्याला नाव कळत नाही.

या गावात कापडाचं शिक्षण आजचं नाही. १८३० च्या दशकाच्या अखेरीस इंग्रजांनी इथं एक उद्योगशाळा काढली होती. विद्यार्थी कोण, तर ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं पकडलेले, माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुलं. रुमालाच्या फासानं माणसं मारणाऱ्या हातांना तिथं तंबू शिवायला आणि गालिचे विणायला बसवलं. ती शाळा म्हणजे बंदिशाळाच. बापाच्या गुन्ह्यासाठी पोरांना तिथं वाढावं लागलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्यापुढं कुणी माहितीपत्रकं पसरली नाहीत. तरी कारागीर म्हणून एक गोष्ट मनातून जात नाही: तिथला तंबू बाजारात विकला जायचा. शिवण गळली तर पहिल्या पावसात कळणार. शिकणाऱ्याच्या कामाला असा पाऊस भेटायलाच हवा. आजच्या किती वर्गांत तो पोचतो?

निवडीचा विचार करताना मला नर्मदेच्या खालच्या अंगाचं महेश्वर आठवतं. अहिल्याबाईंच्या काळात तिथं विणकर वसले. रेशमाचा ताणा, सुती बाणा, काठावर नदीची लहर. आज सॅली होळकरांनी उभी केलेली हँडलूम स्कूल तिथं तरुण विणकरांना डिझाइन आणि धंदा दोन्ही शिकवते. कच्छमध्ये ज्युडी फ्रेटर यांनी २००५ साली कला रक्षा विद्यालय आणि पुढं सोमैया कला विद्या या संस्था याच विचारानं सुरू केल्या. तिथं येणाऱ्याचा हात आधीच तयार असतो, शाळा त्याला नजर देते. आमच्याकडं उलटं होतं: नजर द्यायची घाई, हात मागाहून येईल म्हणून सोडून दिलेला. मागाहून तो येत नाही. आला तरी पन्नास सूट वाया घालवून येतो.

भाचीला मी जून महिनाभर कारखान्यात बसवलं. रोज एक मुंढा, कोऱ्या मांजरपाटावर. बाविसाव्या दिवशी बाही चुणी न पडता बसली. मग ती एकटीच संस्था बघायला गेली. दुपारी फोन आला.

"मावशी, पोतं आहे. दोन आहेत."

"आत काय?"

"मांजरपाटच. खडूच्या खुणांसकट. एका तुकड्यावर कुणीतरी तीनदा मुंढा आखून खोडलाय."

"शिकवणाऱ्या बाई कुठं आहेत?"

"इथंच, टेबलावर वाकून कापताहेत."

"मग आता फी विचार," मी म्हटलं, "आणि हप्ते पडतात का तेही."