आत्या, घास अडतोय ना?

प्रिय आत्या,

काल जेवताना तू भाकरी वरणात इतका वेळ कुस्करत बसलीस की तिची पेज झाली. तरी दर घासामागे पाण्याचा घोट आणि हात छातीवर. "पित्त आहे गं," म्हणालीस. पित्त इतके महिने असतं का? दिवाळीत चकली हळूच बाजूला सारलीस, ते मला दिसलं नाही असं वाटलं तुला?

बाबा गेल्यावर माझी कॉलेजची फी तुझ्या शिलाईमशीनने भरली. त्या शिक्षणावर मी आज प्रयोगशाळेत उभी आहे. मग तिथलं थोडं तू ऐकायला नको?

आपल्या पेशींत काही आरएनए असतात, बांगडीसारखे गोल. सरळ आरएनएला टोकं असतात, पेशीतली विकरं तिथूनच त्याला कुरतडायला लागतात. गोल आरएनएला टोकच नाही, म्हणून तो जास्त टिकतो. त्यातलाच एक सीआयआरएस-7. मिआर-7 नावाच्या इवल्या आरएनएला धरून ठेवायला त्याच्यावर 70 हून अधिक जागा आहेत, हे 2013 मध्ये कळलं. मिआर-7 एरवी पेशींच्या वाढीला लगाम घालतो. 2018 मध्ये चिनी संशोधकांना अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या गाठींत सीआयआरएस-7 वाढलेला दिसला. तो मिआर-7 ला अडकवून ठेवतो, मग एचओएक्सबी13 हे जनुक मोकाट सुटतं आणि गाठ फोफावते.

हे गोल आरएनए रक्तातही सापडतात. पुढेमागे रक्ताच्या नमुन्यावरून हा आजार वेळीच ओळखता येईल, अशी मला फार आशा आहे. पण ती तपासणी अजून दवाखान्यापर्यंत आलेली नाही. आपल्याला तिची वाट बघत बसायचं नाही.

आणि तुझी मिश्री! तव्यावर तंबाखू भाजायचीस तेव्हा ठसका पार जिन्यापर्यंत जायचा. ती काळी पूड बेसिनपाशी डबीत अजून आहे. वझिऱ्याच्या गणपतीची शपथ घालूनही सुटली नाही. तंबाखू ओढणं, चघळणं आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातला कॅन्सर यांचं नातं संघवी, राव आणि डॉ. वसंत खानोलकर यांनी 1955 मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं होतं, तेही आपल्या मुंबईतल्या रुग्णांवरून. तुझ्या जन्माच्याही आधी गं!

रागावले आहे, पण घाबरले आहे त्याहून जास्त. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे घास अडायला लागेपर्यंत आतली वाट बरीच अरुंद झालेली असते. कदाचित आम्लाने आलेलं आकुंचनही असेल, देव करो आणि तसंच असो. पण तेसुद्धा दुर्बिणीनेच कळणार. काही वेगळं दिसलं तर तिथूनच तुकडा काढून तपासायला देतात. कॅन्सरच निघाला तर परळला टाटा हॉस्पिटल आहे, मी आहे.

सोमवारी सकाळी इथेच बोरीवली पश्चिमेला एन्डोस्कोपीची वेळ घेतली आहे. रविवारी रात्री लवकर जेव, त्यानंतर काही खाऊ नकोस, सकाळचा चहासुद्धा नको. मी रजा टाकली आहे. आत्या, या वेळी नाही म्हणू नकोस.

तुझीच,
छकुली